चाकं मोठी, हिशोबही मोठा!

*एसयूव्हीला २० इंची अलॉय आणि रुंद टायर टाकायचं स्वप्न तुमच्या ग्रुपमधल्या एकाचं तरी असणारच. स्वप्न बघायला हरकत नाही. पण टायरवाल्याला अ‍ॅडव्हान्स देण्याआधी हा हिशोब एकदा वाचा.*

कॉलेजच्या गेटसमोर काळीकुट्ट फॉर्च्युनर येऊन थांबली की तुमची नजर आधी कुठे जाते? खरं सांगा. ४१४१ चा ‘दादा’ वाचायच्या आधी ती चाकांवर जाते. काळे चकचकीत अलॉय, मडगार्डच्या बाहेर डोकावणारे रुंद टायर आणि त्यावर चढून बसलेली ती धिप्पाड गाडी. मग रील्स सुरू होतात, कॉमेंटमध्ये ‘नाद खुळा’ पडतं आणि रात्री हॉस्टेलवर कुणीतरी म्हणतं, ‘आपल्या बाबांच्या गाडीला पण टाकूया ना राव!’

यात चुकीचं काही नाही. गाडी आपल्यासारखी दिसावी असं वाटणं स्वाभाविक आहे. शिवाय ही आवड एकट्या तुमची नाही, गाडी बनवणाऱ्यांनाही तीच लागण झालीये. १९७० मध्ये पहिली रेंज रोव्हर आली तेव्हा तिची चाकं १६ इंची होती. आजच्या रेंज रोव्हरला २३ इंचांपर्यंतची चाकं मिळतात. गाड्यांचं अंग जसं उंच आणि जाड होत गेलं, तशी छोटी चाकं त्यावर हरवल्यासारखी दिसायला लागली. त्यात गाड्या जड आणि वेगवान झाल्या, ब्रेकच्या डिस्क मोठ्या झाल्या, त्यांना आत मावायला जागा लागली. म्हणजे मोठ्या चाकामागे नुसता शो नाही, इंजिनीअरिंगही आहे.

फरक एवढाच आहे की कंपनी चाक मोठं करते तेव्हा सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग आणि स्पीडोमीटर सगळं त्या चाकाला धरून बसवते. आपण दुकानात जाऊन दोन तासांत फक्त चाक बदलतो. बाकीची गाडी जुन्या चाकाच्या हिशोबानेच चालत राहते. मग गोंधळ कुठे होतो, ते बघू.

आधी टायर वाचायला शिका

फॉर्च्युनरच्या टायरवर ‘२६५/६५ आर १७’ असं लिहिलेलं दिसेल. यातला २६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची, म्हणजे साइडवॉलची उंची. पण ही उंची मिलिमीटरमध्ये नाही, रुंदीच्या टक्क्यांत दिलेली असते. २६५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १७२ मिलिमीटर. ‘आर’ म्हणजे रेडियल आणि १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! हे कोडं ज्याने बनवलं त्याला नमस्कार.

आता चाकाची एकूण उंची काढा. साइडवॉल वर एक आणि खाली एक, म्हणजे १७२ च्या दुप्पट. त्यात १७ इंची रिम, म्हणजे सुमारे ४३२ मिलिमीटर मिळवा. उत्तर येतं ७७६ मिलिमीटर.

गंमत पुढे आहे. याच फॉर्च्युनरच्या ४ बाय ४ मॉडेलला कंपनी १८ इंची रिम देते आणि त्यावर २६५/६० आर १८ टायर चढवते. हाच हिशोब तिथे लावा. चाकाची उंची येते ७७५ मिलिमीटर. रिम अख्खा एक इंच वाढला, पण चाक बाहेरून होतं तेवढंच राहिलं, कारण साइडवॉल तेवढी कमी केली. रिम वाढवताना पाळायचा पहिला नियम कंपनीने इथेच दाखवून दिलाय: रिम मोठा होईल तेवढी टायरची भिंत बारीक करा, एकूण उंची हलू देऊ नका. आफ्टरमार्केटमधला २६५/५० आर २० हा साइज घेतला तर उंची ७७३ भरते. गणितात बसतो.

पण म्हणजे सगळं आलबेल का? नाही. कारण ‘मोठी चाकं’ या एका शब्दात दोन वेगवेगळे शौक लपलेत.

शौक पहिला: मोठा रिम, बारीक टायर

हा झाला शहरातला शौक. २० किंवा २२ इंची रिम आणि त्याभोवती रिबिनीसारखा टायर. वर काढलेल्या हिशोबात १७ वरून २० इंचांवर गेलात तर साइडवॉल १७२ वरून १३२ मिलिमीटरवर येते. चार सेंटिमीटर रबर आणि हवा गेली. फायदा काय? वळणावर टायर कमी दबतो, त्यामुळे स्टिअरिंग जास्त चोख वाटतं. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर मजा येते.

आता सांगा, असा रस्ता तुमच्या घरापासून कॉलेजपर्यंत किती आहे?

टायरची भिंत ही गाडीची पहिली उशी असते. खड्डा आला की आधी ती दबते, मग सस्पेन्शनचं काम सुरू होतं. ही उशी पातळ केली की खड्ड्याची धार सरळ रिमपर्यंत पोहोचते. मग रिमची कड वाकते किंवा रिमला तडा जातो. टायरमधले धागे तुटतात आणि साइडवॉलवर फुगा येतो. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे ते कळत नाही, तेव्हा हे हमखास होतं. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: साइडवॉलला फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही. पंक्चरवाल्या काकांकडे त्यावर इलाज नाही. तो टायर बदलायचाच असतो, आणि बदलेपर्यंत त्यावर हायवे मारायचा नसतो.

रुंद टायर आणि पाणी यांचंही फारसं पटत नाही. टायर रुंद झाला की त्याला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं. बाकी सगळं सारखं असेल तर रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगायला लागतो. त्या क्षणी स्टिअरिंग हातात असतं, पण गाडी हातात नसते. जुलैत कोकणात जायचा प्लॅन करताना हे डोक्यात असू द्या.

शौक दुसरा: रिम तोच, टायर थोराड

हा थारवाल्यांचा आणि चिखलप्रेमींचा शौक. यात रिम वाढत नाही, टायर वाढतो. उंच साइडवॉल, जाड गोट्यांचं ट्रेड. सह्याद्रीतल्या दगडगोट्यांच्या वाटेवर याचा खरा उपयोग आहे. हवा थोडी कमी केली की उंच टायर पसरतो, दगडाला धरतो, चिखलात पकड घेतो. म्हणूनच खऱ्या ऑफ-रोडिंगवाल्यांना २० इंची रिम नको असतो. लँड रोव्हरची नवी डिफेंडर २०२० मध्ये आली, तेव्हा तिलाही १८ इंची साध्या स्टीलच्या चाकांचा पर्याय ठेवला होता. आलिशान गाडी, पण चिखलात जायचं तर चाक छोटं आणि टायर जाड.

या शौकाचं टोक बघायचं असेल तर आइसलँडला चला. तिथली आर्क्टिक ट्रक्स ही कंपनी टोयोटाच्या गाड्यांना ३८ इंची आणि त्याहूनही मोठे टायर बसवते. हवा अगदी कमी ठेवली की हे टायर ताज्या बर्फात रुतत नाहीत, त्यावर पसरून चालतात. पण ते लोक नुसते टायर बदलून थांबत नाहीत. चाकांच्या कमानी कापून वाढवतात, सस्पेन्शन उचलतात, गिअरिंग बदलतात. तिथे मोठा टायर ही गरज आहे आणि गाडी त्या गरजेसाठी नव्याने बांधली जाते.

आपल्याकडे मात्र बऱ्याचदा टायर तेवढा येतो, बाकीचं काम राहून जातं.

स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतो

समजा ७७६ मिलिमीटरच्या जागी तुम्ही २८५/७० आर १७ टायर टाकले. या चाकाची उंची ८३१ मिलिमीटर भरते. सात टक्के वाढ. ग्राउंड क्लिअरन्स वाढला, पण निम्माच, म्हणजे २७ मिलिमीटर. कारण वाढीचा अर्धा भाग अ‍ॅक्सलच्या वर जातो.

आता मूळ चाक एका किलोमीटरला सुमारे ४१० वेळा फिरायचं, हे नवं चाक ३८३ वेळाच फिरेल. स्पीडोमीटरला फक्त फेरे मोजता येतात, तुम्ही कुठला टायर टाकलाय ते त्याला कळत नाही. त्यामुळे जिथे तो आधी १०० दाखवायचा, तिथे गाडी आता १०७ च्या हिशोबाने पळत असेल. कंपन्या स्पीडोमीटर मुद्दाम जरा जास्त दाखवणारा ठेवतात, म्हणजे चालक चुकला तरी सुरक्षित बाजूला चुकतो. थोराड टायर ती राखीव जागा खाऊन टाकतो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारला १०० ची मर्यादा आहे. काट्यावर बरोबर १०० ठेवूनही कॅमेऱ्याने फोटो काढला, तर चूक कॅमेऱ्याची नसेल.

ओडोमीटरही तसाच फसतो. गाडी १०७ किलोमीटर चालते, तो १०० मोजतो. मग ‘टायर बदलल्यापासून अ‍ॅव्हरेज फारच पडलं यार’ ही तक्रार सुरू होते. त्यातला काही भाग मोजणीतली गडबड असते. पण काही भाग खराच असतो, कारण चाक जड झालेलं असतं.

अकरावीचं फिजिक्स आठवा

मोमेंट ऑफ इनर्शिया आठवतंय? वस्तुमान अक्षापासून जितकं लांब, तितकं ते फिरवायला आणि थांबवायला कठीण, आणि तेही अंतराच्या वर्गाच्या पटीत. मोठ्या चाकात धातू आणि रबर दोन्ही अक्षापासून लांब सरकतात. म्हणून चाकावर वाढलेला एक किलो डिकीत ठेवलेल्या एका किलोपेक्षा जास्त त्रास देतो. शिवाय चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. ते वाढलं की खड्ड्यातून चाक वर उडाल्यावर त्याला पुन्हा रस्त्यावर आणून बसवायला शॉकअ‍ॅब्सॉर्बरची दमछाक होते. बुश आणि बेअरिंग लवकर खलास होतात, ती गोष्ट वेगळीच.

ब्रेकचंही तेच. डिस्क जुनीच, पण चाकाची त्रिज्या सात टक्के वाढली, तर पायाच्या त्याच दाबाला रस्त्यावर मिळणारं ब्रेकचं बळ सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटतं. सपाट रस्त्यावर कदाचित जाणवणारही नाही. पण सातजण आणि सामान भरून आंबा घाट उतरताना ब्रेक तापलेले असतात, तेव्हा हे साडेसहा टक्के कामाला येतात. आणि गाडी उंच झाल्याने तिचा तोलही थोडा वर गेलेला असतो, तो वेगळा.

बाहेर आलेली चाकं

‘भाऊ, चाकं बाहेर काढून दे’ ही फर्माईश तर प्रत्येक अलॉयवाल्याला रोज ऐकू येते. यासाठी एकतर कमी ऑफसेटचे रिम टाकतात, नाहीतर हब आणि रिमच्या मध्ये स्पेसर बसवतात. बादली हात शरीराजवळ ठेवून उचला आणि मग हात लांब करून उचला. बेअरिंगला नेमका हाच फरक जाणवतो. चाक बाहेर गेलं की खड्ड्यात स्टिअरिंग जास्त हिसके मारतं, पूर्ण वळवल्यावर टायर कमानीला घासू शकतो. आणि मडगार्डच्या बाहेरचा टायर चिखल आणि खडी थेट मागच्याच्या अंगावर उडवतो. तो मागचा बऱ्याचदा तुमच्यासारखाच कुणीतरी स्कूटीवर असतो.

रिम घेताना ‘पीसीडी जुळतोय’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. पीसीडी म्हणजे नटबोल्टच्या वर्तुळाचा व्यास. फॉर्च्युनरला सहा बोल्ट आणि १३९.७ मिलिमीटर. तो जुळला तरी मधलं भोक हबवर नीट बसायला हवं, ऑफसेट जुळायला हवा, नटची बैठक जुळायला हवी आणि रिमची भार पेलायची क्षमता दोन टनांहून जड गाडीला पुरायला हवी. नामांकित डिझाइनच्या ‘फर्स्ट कॉपी’ अलॉयमध्ये डिझाइन कॉपी होतं, मजबुतीची खात्री कॉपी होत नाही. तडा गेल्यावर वेल्डिंग करून, रंग मारून ‘रिफर्बिश्ड’ म्हणून विकलेले रिम तर फुकट मिळाले तरी घेऊ नका. शूज सेकंड हँड चालतील, हे नाही.

आरसी कुणाच्या नावावर आहे?

आता सगळ्यात अवघड प्रश्न. गाडी तुम्ही चालवता, रील तुमची, लाइक्स तुमचे. पण आरसी बहुधा बाबांच्या नावावर.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा गाभा असा आहे की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापासून फारकत घेणारे बदल मालकाने गाडीत करायचे नाहीत. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा वाचा: मालकाला. म्हणजे तुमच्या हौसेची पावती बाबांच्या नावाने फाटणार.

विम्याचं आणखी नाजूक आहे. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. कळवला नाही आणि अपघात झाला, तर सर्व्हेयर आधी तेच बघतो आणि दावा अडकू शकतो. सस्पेन्शन किंवा बेअरिंगचं काम निघालं तर वॉरंटीवरही वाद होतो. चाळीसेक लाखांच्या गाडीवर घरच्यांचा हप्ता चालू असताना हा जुगार कुणाच्या पैशांवर खेळतोय, ते एकदा स्वतःलाच विचारा.

तरीही करायचंच असेल तर

करा की! पण डोळे उघडे ठेवून. ही यादी मोबाइलमध्ये सेव्ह करा:

• ड्रायव्हरच्या दारालगतचा स्टिकर आणि मॅन्युअल वाचा. कंपनीने त्याच मॉडेलला मंजूर केलेला वरचा साइज हा सगळ्यात शहाणा अपग्रेड. बेस मॉडेलला टॉप मॉडेलची कंपनीची चाकं टाकली तर रूपही बदलतं आणि डोकेदुखीही टळते.

• एकूण उंची मूळ चाकाएवढीच ठेवा. हिशोब वर दिलाय, कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम.

• लोड इंडेक्स कमी करू नका. ११२ म्हणजे एक टायर ११२० किलो पेलतो. पुढचं अक्षर वेगाचं: एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१० किलोमीटर. दोन्ही मूळ टायरइतके किंवा जास्त हवेत.

• टायरवर आयएसआय मार्क बघा आणि तारीख वाचा. साइडवॉलवरच्या चार अंकांत पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २४२३ म्हणजे २०२३ चा चोविसावा आठवडा.

• पैसे पाच चाकांचे धरा. चार नवी आणि स्टेपनी जुन्याच उंचीची ठेवली, तर पंक्चरच्या दिवशी वेगवेगळ्या उंचीची चाकं एकाच गाडीला लागतात. तशा अवस्थेत फोर बाय फोर लावून पक्क्या रस्त्यावर पळवली तर गिअर यंत्रणेवर ताण येतो.

• बसवल्यावर बॅलन्सिंग, अलाइनमेंट करा आणि नट टॉर्क रेंचने आवळून घ्या. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

• पक्क्या बिलाशिवाय काही घेऊ नका आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

आणि गाडी तुमची नसेल, तुम्ही फक्त मागच्या सीटवर बसणार असाल, तरी हे वाचणं वाया गेलं नाही. आपल्यातले बहुतेक जण ट्रिपला दुसऱ्याच्याच गाडीत जातात. निघायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारा. साइडवॉलला फुगा आहे का, ट्रेड १.६ मिलिमीटरच्या खूण-पट्टीपर्यंत घासलंय का, हवा बरोबर आहे का, बघा. समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा आहे आणि तासन् तास एकाच वेगाने काँक्रीटवर पळताना टायर चांगलेच तापतात. तिथे घासलेला किंवा हवा कमी असलेला टायर दया दाखवत नाही. दोन टनांची गाडी आणि आतले सगळे मित्र शेवटी तळहाताहून थोड्याच मोठ्या अशा रबराच्या चार ठिपक्यांवर रस्त्याला धरून असतात.

‘टायर बघतो आधी’ म्हटल्यावर ग्रुपमधलं कुणीतरी हसेल. हसू द्या. तुम्ही खाली वाका आणि बघाच.